यॉकगेनीच्या काठानं: पानगळीतली पहिली सायकल सहल

पिट्सबर्ग परिसरात नव्यानं आलेल्या मराठी मंडळींना सप्टेंबर सरता सरता एकच प्रश्न पडतो: "फॉल कलर्स बघायला कुठं जायचं?" मग कुणीतरी गाडीनं फिरायचा एखादा डोंगररस्ता सुचवतं आणि अख्खा शनिवार काचेआडून फोटो काढण्यात जातो. मला कुणी विचारलं तर मी सरळ यॉकगेनी नदीकाठच्या ओहायोपाइल या छोट्या गावाला पाठवते. पिट्सबर्गहून गाडीनं दीडेक तास. तिथं सायकल भाड्यानं मिळते, नदीच्या काठानं मोटारी नसलेला रस्ता आहे, आणि शेवटची सायकल अकरावीत क्लासला जाताना चालवली असली तरी हा रस्ता जमतो.

एकच मेख आहे. रस्ता इतका सोपा वाटतो की माणूस पुढे पुढे जात राहतो, आणि तेवढंच अंतर परत यायचंय हे पायांना फार उशिरा कळतं. म्हणून खाली जी तयारी सांगते आहे ती बरीचशी परतीची तयारी आहे.

आधी रस्ता समजून घ्या

या वाटेचं पूर्ण नाव ग्रेट अ‍ॅलिगेनी पॅसेज. मेरीलँडमधल्या कंबरलँडपासून पिट्सबर्गपर्यंत साधारण १५० मैल, म्हणजे २४० किलोमीटर. आपण त्यातला जेमतेम दहा-अकरा मैलांचा तुकडा घेणार आहोत, ओहायोपाइल ते कॉन्फ्लुएन्स. हाच तुकडा सगळ्यात आधी, १९८६ मध्ये, सायकलींसाठी खुला झाला. पिट्सबर्गकडचं शेवटचं टोक जोडायला पुढं २०१३ उजाडलं.

इथून पूर्वी वेस्टर्न मेरीलँड रेल्वेची गाडी धावायची. १९१२ मध्ये हा फाटा सुरू झाला, १९७५ मध्ये बंद पडला, रूळ उखडले गेले आणि रुळांखालच्या भरावावर चुनखडीची बारीक खडी दाबून ही वाट झाली. वाफेच्या इंजिनाला मालगाडी ओढताना तीव्र चढ परवडत नसे, म्हणून तेव्हाच्या इंजिनिअरांनी डोंगर फोडून, पूल बांधून उतार अगदी सौम्य ठेवला. त्याचा फायदा आज आपल्या गुडघ्यांना मिळतो. समोरच्या काठावरची रेल्वे मात्र अजून चालू आहे. झाडांपलीकडून मालगाडीचा भोंगा आणि डब्यांचा खडखडाट ऐकू आला तर दचकू नका, ती तुमच्या वाटेवर येणार नाही.

वाटेवर जायला तिकीट नाही, परवाना नाही. ओहायोपाइलच्या भोवतीचा परिसर स्टेट पार्क आहे आणि पेनसिल्व्हेनियात स्टेट पार्कला प्रवेश शुल्कही नसतं. पहाट ते संध्याकाळ एवढीच वेळ. कोजागिरीला चांदण्यात सायकल काढायची कल्पना दर वर्षी कुणा ना कुणाच्या डोक्यात येते. ती घरच्या गच्चीवर मसाला दुधाबरोबरच बरी.

कुठल्या बाजूला निघायचं

ओहायोपाइलला उतरलात की दोन दिशा. एकीकडे कॉनेल्सव्हिल, साधारण १७ मैल. दुसरीकडे कॉन्फ्लुएन्स. दुकानात विचारलंत तर दोन्हीचं कौतुक ऐकाल. दोन्ही सुंदरच आहेत, पण पहिल्या खेपेला कॉन्फ्लुएन्सच.

कारण नदी. यॉकगेनी (स्थानिक लोक नुसतं 'यॉक' म्हणतात) कॉन्फ्लुएन्सकडून ओहायोपाइलकडे येते आणि पुढे कॉनेल्सव्हिलकडे उतरते. वाट तिच्या शेजारूनच जाते, त्यामुळे पाणी जिकडे उतरतं तिकडेच वाटही उतरते. कॉनेल्सव्हिलच्या बाजूला निघालात तर सतरा मैलांत तीनशेहून जास्त फूट खाली जाता. डोळ्यांना हा उतार दिसतच नाही. सायकल छान पळते आहे, आपल्याला भलतंच जमतंय असं वाटत राहतं. मग जेवून वळता आणि तीच सायकल कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी चालते. नवखी माणसं इथंच फसतात: टायरची हवा तपासतात, ब्रेक घासतोय का बघतात, पण असतो तो फक्त चढ.

कॉन्फ्लुएन्सच्या दिशेला हे गणित आपल्या बाजूनं आहे. जाताना शंभरेक फुटांचा चढ, तोही दहा मैलांवर पसरलेला, आणि तो ताज्या पायांवर. येताना नदीच्या बरोबरीनं उतार. काठाकाठानं जाणाऱ्या कुठल्याही रस्त्यासाठी हा नियम धरायला हरकत नाही: जाताना नदीच्या उलट, येताना नदीबरोबर.

दिवस कसा निवडायचा

या डोंगराळ भागात, ज्याला लॉरेल हायलँड्स म्हणतात, रंगांचा भर साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर असतो. पूर्वेकडे वाट चढत चढत २,३९२ फुटांवरच्या जलविभाजकापर्यंत जाते, तिकडे पानं आधी रंगतात. पिट्सबर्ग शहरात उशिरा. त्यामुळे एका आठवड्यात जमलं नाही तर सगळं गेलं असं होत नाही, फक्त तुकडा बदलावा लागतो. पेनसिल्व्हेनियाचं वनखातं हंगामात दर आठवड्याला कुठल्या जिल्ह्यात पानं किती रंगलीत याचा अहवाल काढतं, तो बघून तारीख ठरवा. फेसबुकवरच्या फोटोंवर जाऊ नका, त्यातले निम्मे गेल्या वर्षीचे असतात.

पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवं हरितद्रव्य विरून गेलं की तो उघडा पडतो. लाल रंग मात्र शरदातच तयार होतो, पानात अडकून राहिलेल्या साखरेपासून. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा, पण दहिवर गोठणार नाही इतपत, असे आठ-दहा दिवस लागून आले की मेपल पेटतात. पावसाळी, ढगाळ आठवडा गेला तर पिवळ्यावर समाधान मानायचं.

शक्य असेल तर कामाच्या दिवशी जा. ऑक्टोबरातल्या शनिवार-रविवारी ओहायोपाइलमध्ये नऊ-साडेनवानंतर पार्किंग शोधत फिरावं लागतं. उजेडाचा हिशेबही करा. ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य पावणेसातच्या आत मावळतो, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेली की सव्वापाचलाच अंधार. दरीत तर ऊन त्याआधीच जातं.

गाडी नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी: ओहायोपाइलला बस जात नाही. पिट्सबर्गहून कॉनेल्सव्हिलला अ‍ॅमट्रॅकची रेल्वेगाडी आहे, सायकलही नेता येते, पण दिवसाला एकच आणि निघते भल्या पहाटे. पहिल्या सहलीला चौघांनी मिळून मोटार भाड्यानं घेणं सोयीचं. त्या गाडीवर सायकलचा रॅक लावू नका. भाड्याच्या गाड्यांच्या करारात बहुधा त्याला मनाई असते, आणि ओरखडा पडला तर डिपॉझिट गेलं. तिथंच सायकल घ्या.

सायकल घेताना

ओहायोपाइलमध्ये राफ्टिंगवाल्यांचीच दुकानं सायकली देतात. आधी फोन करून सायकल राखून ठेवा आणि दोन गोष्टी विचारा: ऑक्टोबरात दुकान किती वाजता बंद होतं, आणि पंक्चर झालं तर काय करायचं. काही ठिकाणी सायकलबरोबर पंप आणि ट्यूब देतात, काही ठिकाणी नुसता फोन नंबर. नंबरवर भिस्त ठेवू नका. त्या दरीत मोबाइलची रेंज येते-जाते, बऱ्याच ठिकाणी नसतेच.

हायब्रिड मागा, म्हणजे रस्त्यावरच्या आणि डोंगरातल्या सायकलींच्या मधला प्रकार. रस्त्यावर पळवायच्या सायकलचे बारीक टायर खडीत रुततात, आणि डोंगरातल्या जाड टायरांनी विनाकारण दमायला होतं. ३५ मिलिमीटरच्या आसपासचा टायर या वाटेला उत्तम. मडगार्ड असतील तर आणखी बरं, नाहीतर ओल्या दिवशी चुनखडीचा राखाडी पट्टा पाठीवर मानेपर्यंत चढतो.

मग दुकानाच्या दारातच पाच मिनिटं द्या. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल सगळ्यात खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. आपल्याकडे सीट खाली ठेवून दोन्ही पाय जमिनीला टेकवायची सवय असते. तशी चालवली तर पाचव्या मैलाला गुडघे बोलायला लागतात. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा, एवढंच शिकायचं.

आता ब्रेक. हे नीट वाचा. अमेरिकेत डाव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला आणि उजव्या हाताचा मागच्या चाकाला असतो. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना नेमकं उलट. लहानपणची सवय हातात मुरलेली असते. घाबरून पटकन डावा दाबला की इथं पुढचं चाक धरलं जातं, आणि खडीवर पुढचं चाक घसरलं तर सावरत नाही. पार्किंगमध्ये हळू चालवत दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघा, मग दोन्ही एकदम हलके दाबायची सवय लावा.

गिअरचं फार मनावर घेऊ नका. डावीकडचा गिअर मधल्या चक्रीवर ठेवून द्या आणि फक्त उजवीकडच्यानं खेळा. पाय सहज फिरत राहायला हवेत. पेडल जोर लावून ढकलावं लागत असेल तर गिअर हलका करा. आणि गिअर बदलताना पाय फिरता हवा, थांबून बदलला तर चेन उतरते.

हेल्मेट सगळ्यांनी. कायद्यानं ते बारा वर्षांखालच्या मुलांनाच सक्तीचं आहे, पण डोकं सगळ्यांनाच असतं.

कपडे आणि डबा

महाराष्ट्रातला ऑक्टोबर म्हणजे ऑक्टोबर हीट. इथं सकाळी दरीत धुकं असतं, पारा पाच-सहा अंशांवर, आणि दुपारी पंधरा-सतरापर्यंत चढतो. जाड जॅकेट घालून निघालात तर दुसऱ्या मैलाला घाम, आणि थांबलात की तोच घाम गार पडून हुडहुडी. त्यापेक्षा तीन पातळ थर: आत घाम सुकवणारा टी-शर्ट, वर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं विंडचीटर. सुती बनियन घरी ठेवा. बोटं झाकणारे हातमोजे हवेतच, गार वाऱ्यात बोटं बधिर झाली की ब्रेक दाबला जात नाही.

ओढणी, लांब मफलर, कुडत्याचा घेर यांपैकी काहीही चाकात जाऊ शकतं. ओढणी नकोच. मफलरऐवजी कानटोपी, तीही पातळ, म्हणजे हेल्मेटखाली बसते. उजव्या पायाची जीन्स चेनमध्ये अडकते, ती मोज्यात खोचा किंवा रबर लावा. दिसायला वाईट दिसतं, पण काळं ग्रीस जीन्सवरून जात नाही.

एखादा भडक नारिंगी कपडा अंगावर असू द्या. शरद म्हणजे इथं शिकारीचाही हंगाम, आणि पार्कच्या बऱ्याच भागात शिकारीला परवानगी असते. शिकारी वाटेवर बंदूक चालवत नाहीत, पण झाडीत आडोशाला जाणारा माणूस लांबून दिसलेला बरा.

खाणं घरचंच न्या. वाटेत दुकान नाही, आणि कॉन्फ्लुएन्समधली हॉटेलं ऑक्टोबरात कुठल्या दिवशी उघडी असतील याचा भरवसा धरू नका. धपाटे किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या, सोबत कोरडी चटणी, शेंगदाण्याची चिक्की, दोन केळी. दही, रस्सा असलं काही नको, खडीच्या हादऱ्यांनी डब्याचं झाकण हमखास ढिलं होतं. भूक लागायची वाट न पाहता पाऊण तासानं चिक्कीचा तुकडा तोंडात टाका. पाणी माणशी दोन बाटल्या, ओहायोपाइललाच भरून घ्या. थर्मासमधला चहा वजनाला जड पडतो, पण कॉन्फ्लुएन्सला पोहोचल्यावर त्याचं मोल कळतं.

पाठीवर सॅक घेऊ नका. पाठ घामेजते आणि खांदे आखडतात. दुकानदाराकडून हँडलला लावायची किंवा मागच्या कॅरिअरची पिशवी मागून घ्या.

त्या दिवशी: आधी पूल, मग काठ

साडेनऊपर्यंत सायकल हातात आली की लगेच कॉन्फ्लुएन्सकडे सुटू नका. आधी उलट्या दिशेला, कॉनेल्सव्हिलच्या बाजूला, मैल-दीड मैल जाऊन या. यॉक इथं घोड्याच्या नालासारखं वळण घेते. त्या वळणात फर्नक्लिफ नावाचं जंगल आहे आणि वाट त्या नालाच्या तोंडावरून सरळ जाते, म्हणून ती नदी दोनदा ओलांडते. पहिला पूल बुटका, गावाला लागूनच. दुसरा उंच. त्या उंच पुलावर कठड्याशी थांबून खाली बघितलं की दोन्ही बाजूंना रंगलेले डोंगर, आणि तळाशी खडकांमधून फेसाळणारी नदी. वर कॉन्फ्लुएन्सला धरण आहे, त्यातून पाणी सुटत असल्यानं ऑक्टोबरातही नदीला जोर असतो आणि राफ्टवाल्यांचे निळे-पिवळे तराफे उड्या मारत जाताना दिसतात.

फोटो इथंच काढून घ्या. या फेरीत सीट, ब्रेक, गिअर यांची परीक्षाही होते, आणि काही बिघडलं तर दुकान हाकेवर असतं. परत गावात येऊन सीट अर्धा इंच वर-खाली करून घ्या. मग पूर्वेला वळा.

कॉन्फ्लुएन्सकडची वाट झाडांच्या बोगद्यातून जाते. डाव्या हाताला, कधी वीस पावलांवर तर कधी बरीच खाली, नदी. दर मैलाला खांब आहे आणि त्यावर कंबरलँडपासूनचं अंतर. तुम्ही कंबरलँडकडे निघालेले असल्यानं आकडा सत्तरच्या घरातून कमी होत जातो. शेवटचा पाहिलेला आकडा लक्षात ठेवत चला. ९११ ला फोन करायची वेळ आली तर "झाडं आहेत, नदी आहे" यापेक्षा "मैल ६६ आणि ६७ च्या मध्ये" हे सांगणं उपयोगाचं. रेंज गेलेली असेल म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

नवख्याचा वेग ताशी आठ ते दहा मैल. म्हणजे नुसतं चालवत राहिलात तर सव्वा तासात कॉन्फ्लुएन्स. पण नुसतं चालवत राहणार कोण? ट्युलिप पॉप्लरची पिवळी पानं एकेक करून वाटेवर उतरत असतात. पाण्यालगत सायकामोरचे पांढरे, साल सोललेले बुंधे. ओक सगळ्यात उशिरा रंगतात, तेही तपकिरी. आणि उतारावर खाली गर्द हिरवी, जाड पानांची झुडपं दिसतात ती रोडोडेंड्रॉनची, त्यांची पानं हिवाळाभर टिकतात. लाल-पिवळ्याला जो उठाव येतो तो या हिरव्यामुळे. निवांत थांबत गेलात तर दोन तास धरा.

थांबताना वाटेवर थांबू नका, सायकलीसकट कडेला व्हा. हा नियम आपली माणसं सर्रास मोडतात: सहा जणांचा घोळका, सायकली आडव्या, मधोमध सेल्फी. मागून वेगात येणाऱ्याला घसरण्याशिवाय पर्याय राहत नाही. चालायचं उजवीकडून, ओलांडायचं डावीकडून, आणि ओलांडण्याआधी घंटी वाजवून "ऑन युअर लेफ्ट" म्हणायचं. तुम्हाला कुणी तसं म्हटलं तर डावीकडे बघायला वळू नका. बघता तिकडे हँडल वळतं. आहात तसे उजवीकडे सरळ चालत राहा. जोडीनं गप्पा मारत चालवायला हरकत नाही, समोरून कुणी दिसलं की एकामागे एक.

ओली पानं जपून. कोरडी पानं नुसती कुरकुरतात, पण पावसानंतर किंवा सकाळच्या दवात त्यांचा थर साबणासारखा होतो, आणि खालचा खड्डा, मूळ, दगड काही दिसत नाही. पुलांच्या फळ्यांवर तर विशेष. पानांच्या थरावर ना जोरात ब्रेक, ना वळण. वेग आधीच कमी करून सायकल सरळ जाऊ द्या.

कॉन्फ्लुएन्सच्या अलीकडे रॅमकॅट नावाचा थांबा आहे, तिथं स्वच्छतागृह मिळतं. पुढं गाव. यॉकगेनी, कॅसलमन आणि लॉरेल हिल क्रीक असे तीन प्रवाह इथं भेटतात. १७५४ मध्ये तरुण जॉर्ज वॉशिंग्टन या बाजूला आला होता, नदीतून होड्या नेता येतील का ते बघायला. ओहायोपाइलचा धबधबा पाहून त्यानं तो नाद सोडला. गाव एवढंसं, मधे हिरवळीचा चौक. डबा तिथं उघडा.

परत फिरायची वेळ

ठिकाण ठरवून निघू नका, वेळ ठरवून निघा. मागून मोजत या. सायकल पाचला परत करायची असेल तर ओहायोपाइलला साडेचारला पोहोचायचं. परतीला दीड तास आणि पंक्चर-बिंक्चरसाठी अर्धा तास, म्हणजे अडीचला चाक ओहायोपाइलच्या दिशेनं वळलेलं हवं. घड्याळात अडीच वाजले की जिथं असाल तिथून परत, कॉन्फ्लुएन्स दोन मैलांवर राहिलं असलं तरी. गटात कुणी एक जण यावर ठाम राहणारा हवा, आणि तो गटातला सगळ्यात वेगवान माणूस नसावा. वेग नेहमी सगळ्यात हळू चालणाऱ्याचा धरायचा, त्याला पुढे ठेवायचं. मागे ठेवलं तर तो येईपर्यंत बाकीचे विश्रांती घेतात आणि तो पोहोचताच निघतात, म्हणजे ज्याला गरज त्याला विश्रांतीच नाही.

सवय नसलेल्याला पाय दुखण्याआधी बैठक दुखते. दर वीस मिनिटांनी पेडलवर उभं राहून क्षणभर भार काढा. तळहाताला मुंग्या येत असतील तर हँडल घट्ट आवळलेलं आहे, कोपर किंचित वाकवा.

मुलं आणि आई-बाबा

आठ-नऊ वर्षांचं, सायकल सराईत चालवणारं मूल रॅमकॅटपर्यंत जाऊन येईल असं धरू नका. पूल बघून परत, आणि कॉन्फ्लुएन्सच्या दिशेला तीन-चार मैल, एवढं भरपूर. लहानग्यांसाठी मागं जोडायचा ट्रेलर दुकानात मिळतो का ते आधी विचारा. ट्रेलरमधलं मूल हालचाल करत नसल्यानं गारठतं, त्याला तुमच्यापेक्षा एक थर जास्त.

भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील तर त्यांना सायकलीचा आग्रह करू नका. ओहायोपाइलचा धबधबा गावातच आहे, बसायला बाकं आहेत, पुलापर्यंत वाट सपाट असल्यानं पायी जाता येते. बाबांनी हट्टच धरला तर दांडी नसलेली, पाय सहज टाकता येणारी सायकल मागा. आणि ज्यांना इमारतींची आवड आहे त्यांच्यासाठी वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी धबधब्यावर बांधलेलं फॉलिंगवॉटर हे घर गाडीनं काही मिनिटांवर आहे. तिकीट आधी काढावं लागतं, ऑक्टोबरात ऐनवेळी मिळत नाही.

लाल वेल आणि गोचीड

मुलं पानं गोळा करणार, मोठीही करतात. एक पान ओळखायला शिकवा: पॉयझन आयव्ही. एका देठाला तीन पानं, मधल्याचा देठ जरा लांब. शरदात ही वेल इतकी देखणी लाल होते की पहिला हात तिच्याकडेच जातो. तिच्यातलं तेल कातडीला लागलं की दोन दिवसांनी खाज, फोड, आणि ते आठवडाभर पिच्छा सोडत नाही. पाच पानांची लाल वेल दिसते ती व्हर्जिनिया क्रीपर, वेगळी. खात्री नसेल तर वेलीचं पान घेऊच नका. जमिनीवर पडलेलं मेपलचं घ्या, वहीत तेच छान दिसतं. हात लागलाच तर साबणानं खसखसून धुवा, कपडेही.

दुसरं म्हणजे गोचीड. थंडी पडली की किडे गेले असं आपल्याला वाटतं. हरणांवरच्या ज्या गोचिडीमुळे लाइम रोग होतो ती मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात चांगलीच हिंडती असते, आणि पेनसिल्व्हेनियात हा रोग भरपूर. वाटेच्या मधोमध चालवत राहिलात तर भीती नाही, उंच गवतात किंवा पानांच्या ढिगात बसलात तर आहे. घरी गेल्यावर गुडघ्यांमागे, कमरेला, काखेत, केसांच्या कडेला नीट बघा. तिळाएवढा काळा ठिपका चिकटलेला दिसला तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडेपेटी असले घरगुती उपाय नकोत. पुढच्या महिनाभरात तिथं पसरत जाणारा लाल चट्टा आला किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं सांगा.

पुढच्या खेपेला

चटक लागली तर कॉनेल्सव्हिलचा तुकडा करा, पण एकाच दिशेनं: एक गाडी आधी कॉनेल्सव्हिलला लावून ठेवा, किंवा ओहायोपाइलच्या दुकानांपैकी कुणी सायकलींसकट ने-आण करतं का ते विचारा. म्हणजे सतरा मैल नदीबरोबर उतरायचं आणि चढाचा प्रश्नच नाही. त्याहून पुढे, मायर्सडेलजवळ कॅसलमनच्या खोऱ्यावरून जाणारा १,९०८ फूट लांबीचा सॅलिस्बरी व्हायडक्ट हा उंच पूल आणि जवळपास एक किलोमीटर लांब बिग सॅव्हेज बोगदा. हा बोगदा हिवाळ्यात दारं लावून बंद करतात, आणि आतल्या भिंतींना बर्फानं इजा होऊ नये म्हणून एप्रिलपर्यंत उघडत नाहीत. त्यामुळे तो बेत ऑक्टोबर संपायच्या आतच उरका. दिवे लागतील, बोगद्यात आणि परतीलाही.

स्वतःची सायकल नेली असेल तर त्याच रात्री चेन पुसा. चुनखडीची भुकटी दवाबरोबर चेनला चिकटते आणि सकाळपर्यंत सिमेंटसारखी बसते. जुन्या बनियनचा तुकडा चेनभोवती धरून पेडल उलटं फिरवा, फडकं काळं येणं थांबलं की कड्यांवर तेलाचे थेंब सोडा, आणि वरवरचं तेल पुन्हा पुसून टाका.